मंडळाच्या कॅसेट, व्हीसीडी आणि मेमरी कार्डातून लेझीमचा नवा ट्रॅक: जुने मिक्स कसे बनायचे, आज ते कसे उलगडायचे?

लेझीम_बाळीवेस

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या आमच्या मंडळाच्या कपाटातून बरंच साहित्य निघालंय. मिरवणुकीतल्या लेझीम-हलगीच्या कॅसेट आहेत, सी ६० आणि सी ९० दोन्ही. त्यातल्या काही दुसऱ्या कॅसेटवरून उतरवलेल्या दिसतात. दोन व्हीएचएस आहेत, स्टुडिओनं करून दिलेल्या व्हीसीडी आहेत आणि डीजे मिक्सनी भरलेली १ जीबीची मेमरी कार्डं आहेत. येत्या गणपतीत पथकासाठी साधारण ६ मिनिटांचा ट्रॅक करायचाय: सुरुवातीला कॅसेटमधली जुनी हलगी, मग मेमरी कार्डाच्या काळातला एखादा तुकडा, शेवटी आजच्या पोरांची हलगी. सोबत छोटे व्हिडिओही हवेत.

नुसती सॉफ्टवेअरची नावं नकोत. त्या त्या काळात मिक्स कसा तयार व्हायचा तेही सांगा, म्हणजे काय दुरुस्त करायचं आणि काय तसंच ठेवायचं हे ठरवता येईल. एआयनं हलगी वेगळी निघते का? आणि कायद्यात काय बसतं?

टेपडेक

कॅसेटपासून सुरू करू, कारण तिला वय झालंय आणि चुकीच्या हातात ती एकदाच वाजते.

लावण्याआधी कॅसेट बघा. फितीमागची छोटी फेल्टची गादी गळालेली असेल तर आवाज दबका येतो आणि वरखाली होतो. कवच स्क्रूचं असेल तर उघडून दुसऱ्या कॅसेटची गादी बसवता येते. चिकटवलेलं कवच असेल तर ते फोडून दोन्ही चकऱ्या फितीसह स्क्रूच्या रिकाम्या कवचात हलवा. मग न वाजवता एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवा. वर्षानुवर्षं एका ताणात गुंडाळलेली फीत त्यानं मोकळी होते. सी ९० ची फीत सी ६० पेक्षा पातळ असते, तिथं वारंवार मागेपुढे करू नका.

डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, ९० टक्क्यांच्या वरचं घ्या. रबरी रोलरही पुसा, पण थोडंच लावा आणि वाळू द्या. नंतर हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू, म्हणजे अॅझिमथ. ज्या डेकवर रेकॉर्डिंग झालं त्याचं हेड एखाद्या केसाएवढं तिरकं असलं तरी तुमच्या सरळ हेडवर लेझमीची छुमछुम जाते. आवाज मोनो करून (डावा-उजवा एकत्र) ऐका, स्क्रू अगदी हळू फिरवा, छुमछुम सगळ्यात लख्ख होईल तिथं थांबा. प्रत्येक कॅसेटसाठी, खरं तर प्रत्येक बाजूसाठी, हे नव्यानं करावं लागतं. जुन्या कॅसेट कोंदट वाटण्याचं निम्मं कारण हेच असतं, आणि हे नंतर संगणकावर भरून येत नाही.

डेकच्या लाइन आउटमधून ऑडिओ इंटरफेसच्या लाइन इनला जोडा, माइकच्या छिद्रात नको. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाईल. सगळ्यात जोराचा ठोका उणे १२ ते उणे ६ डीबीच्या दरम्यान ठेवा. संगणकातली आपोआप आवाज वाढवणारी सोय बंद करा. डॉल्बी, म्हणजे डेकवरची सळसळ कमी करणारी सोय, मूळ रेकॉर्डिंगच्या वेळी चालू असेल तरच चालू. मिनिटाला सुमारे १७ एमबी होतात, म्हणजे पूर्ण सी ९० दीड जीबीत बसते.

तेव्हा मिक्स कसा व्हायचा: डबल डेकच्या एका बाजूला मूळ कॅसेट, दुसऱ्या बाजूला कोरी, आणि बोट पॉज बटणावर. ठोक्यावर पॉज सोडायचा, पुढच्या ठोक्यावर दाबायचा. त्याचं 'नॉनस्टॉप' व्हायचं. प्रत्येक जोडाशी बारीक टक् किंवा सूर हलल्यासारखा येतो, कारण मोटार वेग पकडायला क्षणभर घेते. नक्कल केली की सळसळही वाढते: मूळ कॅसेटची आणि नव्या कॅसेटची सारखीच असेल तर बेरीज सुमारे ३ डीबी, चौथ्या पिढीला सुमारे ६. म्हणून तीच मिरवणूक दोन कॅसेटवर असेल तर आधी कुठली मूळ हे ठरवा. सळसळ कमी आणि लेझीम जास्त ती मूळ. फक्त तीच उतरवा.

पॉजचे जोड मात्र पुसू नका. तो त्या काळातला हात आहे, कोणीतरी ऐकून, मोजून केलेला.

जुनी_चाल

टेपडेकांनी यंत्राचं सांगितलं. पण लोकांनी स्वतः घडवलेलं माध्यम कॅसेटच्या आधीपासून आहे, ते या धाग्यात यायला हवं. चालीवर गाणं रचायची आपली पद्धत बघा. जत्रेत मिळणाऱ्या भजनांच्या आणि गीतांच्या पातळ पुस्तिकांत शब्दांच्या वर 'चाल:' लिहून माहितीतल्या सिनेमाच्या गाण्याची पहिली ओळ छापलेली असायची. भीमगीतं, देवीची गाणी, प्रचाराची गाणी, कितीतरी अशीच रचली गेली. चाल सगळ्यांना पाठ, शब्द आपले, वाद्यं गल्लीतली. गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सवात एकाच चालीवर मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी असे शब्द येणं या शहरात स्वाभाविकच आहे.

मग फिलिप्सची कॅसेट १९६३ साली आली आणि पुढच्या दोन दशकांत ती इतकी स्वस्त झाली की गाणं रचणाऱ्यालाच ते छापता यायला लागलं. त्याच काळात झंकार बीट्स. मूळ गाणं तसंच वाजतं आणि त्यावर एक वादक ऑक्टापॅडनं, म्हणजे आठ रबरी चौकोनांच्या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यानं, ठेका चढवतो. रोलंडचा पहिला ऑक्टापॅड १९८५ चा. बेंजो पार्टीत तो लगेच आला, कारण एका माणसाच्या काठीखाली आठ आवाज मिळाले आणि गाड्यावर जागा वाचली.

तुमच्या कॅसेटमध्ये झंकारवाला तुकडा असेल तर एक लक्षात ठेवा: त्याला घड्याळ नाही. मूळ गाण्याची लय मधे मधे हलते आणि ऑक्टापॅडवाला तिच्यामागे जातो. संगणकाला 'बीपीएम (मिनिटाला किती ठोके) शोध' म्हटलं तर तो एक आकडा देईल आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत ठेका निसटलेला असेल.

फेडर_अण्णा

वरच्या मुद्द्याला धरून लयीचं सांगतो. आधी पथकाची लय मोजा, गाण्याची नंतर. पोरं मोकळ्या मैदानावर खेळताना ३० सेकंदांतले ठोके मोजा, दुप्पट करा. समजा ५४ भरले, तर लय १०८. ट्रॅकच्या सुरुवातीला कुठली लय, तिसऱ्या मिनिटाला कुठली, शेवटाला कुठली, हे लेझीम शिकवणाऱ्याकडून लिहून घ्या. गाण्याच्या लयीवर पोरांना ओढलं की सहाव्या मिनिटाला पाय जड होतात आणि रांग तुटते.

आता जुना तुकडा १०० चा आहे आणि हवाय १०८. रस्ते दोन.

पहिला: फीत जोरात फिरवल्यासारखा वेग वाढवायचा. वेगाबरोबर सूरही चढतो. ८ टक्के म्हणजे सुमारे १.३ अर्धस्वर. नुसत्या हलगी-घुमकं-कैताळाला (घुमकं म्हणजे जाड आवाजाचं तालवाद्य, कैताळ म्हणजे झांज) हाच रस्ता चांगला. तिथं गाणं नाही, ठोक्याची धार शाबूत राहते, आणि चढलेली हलगी आरावर शेकून घट्ट केल्यासारखी लागते.

दुसरा: सूर जागच्या जागी ठेवून लय ताणायची. गळा किंवा सनई असेल तर हाच. पण ६ ते ८ टक्क्यांच्या पुढे गेलात की हलगीचा ठोका दुहेरी ऐकू येतो, 'तड्' च्या जागी 'तडड्'. सॉफ्टवेअरमध्ये ताणण्याचे प्रकार असतात, त्यातला तालवाद्यांसाठीचा निवडा. झंकारवाल्या तुकड्यात दर चार आवर्तनांनी हातानं खूण टाका आणि दोन खुणांमधलाच भाग सरळ करा. प्रत्येक ठोक्यावर खूण टाकली की वादकाचा झोल जातो आणि सगळं लाकडासारखं होतं.

सुराचं: गाणं काळी दोनमध्ये असेल आणि पुढचा तुकडा पांढरी तीनमध्ये, तर अर्धस्वराचाच फरक आहे. एकाला अर्धा स्वर चढवून जोड बसतो. काळी दोन आणि काळी तीनमध्ये तीन अर्धस्वर आहेत, तिथं ओढाताण करू नका. मधे आठ आवर्तनं फक्त हलगी ठेवा. कानाला आधीचा षड्ज विसरायला तेवढा वेळ पुरतो.

जेकार्ड

अण्णा, कॅसेटवरचं गाणं बहुतेक वेळा काळी दोनमध्येही नसतं आणि पांढरी तीनमध्येही नसतं, मधेच लटकलेलं असतं. डेकचा वेग २ टक्क्यांनी जास्त असला की सूर ३४ सेंट (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर) चढतो. त्यावर कीबोर्ड वाजवला तर बेसूरच लागणार. आधी वेग दुरुस्त करायला हवा. विजेच्या गुणगुणीवरून तो काढता येतो: स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कुठली वारंवारता किती आहे ते दाखवणाऱ्या आलेखात, ५० हर्ट्झची रेघ शोधा. ती ५१ वर दिसली तर फीत २ टक्के जोरात फिरतेय.

टेपडेक

जेकार्डभाऊ, ही युक्ती दोन ठिकाणी फसते. रेघ बरोबर ५० वर दिसली तर ती बहुधा आजच्याच डेकची किंवा वायरची गुणगुण असते, कॅसेटमधली नव्हे. कॅसेट न लावता डेक चालू ठेवून आधी खात्री करा. दुसरं म्हणजे त्या काळात आपल्याकडे ग्रिडची वारंवारता ५० वर स्थिर नसायची, लोड वाढला की खाली यायची. त्यामुळे गुणगुणीवरून काढलेल्या वेगात एक-दोन टक्क्यांची चूक सहज राहते.

कॅसेटमध्ये कुठं कॅसिओसारखा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड वाजला असेल तर तो धरा. कारखान्यातून तो ४४० हर्ट्झच्या 'ए' ला, म्हणजे पांढरी सहाला लावलेला असतो, आणि वादकानं ट्यूनिंगला हात लावला नसेल तर वेगाचं अचूक माप तिथंच मिळतं. पेटी धरू नका. पेट्या वेगवेगळ्या लावलेल्या असतात.

जेकार्ड

बरोबर आहे. कीबोर्ड असेल तर कीबोर्डच. गुणगुण फक्त ढोबळ अंदाजाला.

स्मिता_संकलन

व्हिडिओचं मी लिहिते.

व्हीएचएसवरचा लेझमीचा आवाज कोंदट लागेल, कारण साध्या व्हीएचएसमध्ये आवाजाची पट्टी सेकंदाला २.३४ सेंटिमीटर या गतीनं जाते. ऑडिओ कॅसेटची गती ४.७६ आहे, म्हणजे दुप्पट. एकाच मिरवणुकीची कॅसेट आणि व्हीएचएस दोन्ही असतील तर चित्र व्हीएचएसचं घ्या आणि आवाज कॅसेटचा. हलगीच्या एका स्पष्ट ठोक्यावर दोन्ही जुळवा, आणि दर मिनिटाला पुन्हा तपासा, कारण दोन्ही यंत्रांचे वेग वेगळे आहेत.

चित्र ७२० गुणिले ५७६, २५ फ्रेम, इंटरलेस्ड (प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन फील्डमध्ये विभागलेली) असंच उतरवा. नंतर डीइंटरलेस करताना, म्हणजे फील्डपासून पूर्ण चित्रं बनवताना, २५ ऐवजी ५० फ्रेमचा पर्याय निवडा. लेझीम उघडमीट होताना हात फार वेगानं जातात. २५ केलं की निम्मी हालचाल फेकली जाते. फील्डचा क्रम उलटा लागला तर चित्र पुढेमागे थरथरतं, ते दिसलं की क्रम बदला. तळाच्या आठ-दहा ओळींतला फाटका पट्टा कापा किंवा काळ्या पट्टीनं झाका.

त्या काळातलं संकलन एका व्हीसीआरवरून दुसऱ्यावर व्हायचं, मधे मिक्सर. पॅनासॉनिकचा एमएक्स ५० ज्या स्टुडिओत होता तिथून निघालेल्या कॅसेटमध्ये चौकटी, चित्र गोठवणं हे हमखास दिसतं. ते इफेक्ट चित्रातच शिजलेले आहेत, काढता येत नाहीत. काढूही नयेत. मालेगावच्या मंडळींनी २००० च्या आसपास याच घरगुती सामानावर गाजलेल्या हिंदी सिनेमांच्या स्वतःच्या बोलीतल्या आवृत्त्या केल्या. साधं सामान आणि आपली भाषा असली की काय उभं राहतं त्याचा महाराष्ट्रातला तो सगळ्यात ठळक दाखला आहे.

व्हीसीडी: प्लेअरमधून वाजवून पुन्हा रेकॉर्ड करू नका. डिस्कवर एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरात डॅट फाईल असते, ती कॉपी करा. चित्र ३५२ गुणिले २८८, आवाज २२४ केबीपीएस. तेवढंच आहे, मोठं करून नवं काही निघत नाही. व्हीसीडीच्या फाईलला डेटा सीडीइतकं चूकदुरुस्तीचं कवच नसतं, म्हणून ओरखडा आला की थेट चौकोन उठतात. कॉपी अडकली तर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर कमी वेगानं करून बघा. डिस्क मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसायची, गोल गोल नाही.

मेमरी कार्डात थ्रीजीपी फाईल असतील तर त्यातला आवाज विसरा. त्या बहुतेक ८ किलोहर्ट्झच्या, बोलण्यापुरत्या आहेत. चित्र छोट्या चौकटीत ठेवून दाखवा, पडदाभर ताणू नका.

आजचे फोन चित्र बदलत्या फ्रेम दरानं घेतात. संकलनात टाकलं की चौथ्या-पाचव्या मिनिटाला ठोका एकीकडे आणि हात दुसरीकडे. आधी हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून दर कायम करून घ्या, मग संकलन. पोरांकडून क्लिप मागवताना व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, साध्या व्हिडिओसारखं पाठवलं की ते दाबलं जातं.

लेझीम_बाळीवेस

ताई, उत्तम. छोट्या व्हिडिओंची लांबी किती ठेवावी? आणि मेमरी कार्डातले मिक्स अजून राहिले. त्यात दर थोड्या वेळानं डीजेचं नाव येतं, ते काढता येईल का?

स्मिता_संकलन

लांबी माध्यमानंच ठरवत आणली. व्हॉट्सअॅप स्टेटस बराच काळ ३० सेकंदांचं होतं, म्हणून एक कडवं आणि एक ठेका एवढाच आकार रुळला. टिकटॉकवर २९ जून २०२० ला बंदी आली, त्यानंतर लगेच जुलैत रील्स आले, सुरुवातीला १५ सेकंदांचे. आज मर्यादा सैल आहे, पण लेझमीसाठी एक पूर्ण डाव दिसला पाहिजे. डाव संपायच्या आत कापू नका. उभी चौकट १०८० गुणिले १९२०. जुनं आडवं चित्र कापून उभं केलं की रांगेच्या दोन्ही कडा जातात. ते मधे ठेवा आणि वरखाली वर्ष, पेठ, वादकांची नावं लिहा.

जेकार्ड

मेमरी कार्डाचा काळ माझ्याकडे.

एफएल स्टुडिओ पहिल्यांदा १९९७ च्या डिसेंबरात फ्रूटीलूप्स या नावानं आलं. ऑडॅसिटी २००० चं, व्हर्च्युअल डीजे २००३ चं. त्याआधी हे काम करायला महागडं यंत्र लागायचं. जगात याची मुळं दोन ठिकाणी सापडतात. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये किंग टबीनं १९७० च्या दशकात मिक्सरवर गळा बंद करून नुसता ठेका-बेस ठेवला आणि त्यावर प्रतिध्वनी चढवले. न्यू यॉर्कच्या ब्राँक्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ च्या पार्टीशी कूल हर्कचं नाव जोडलेलं आहे: एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आलटून पालटून लावून ठेक्याचा तुकडा लांबवायचा. आपल्या पोरांनी भाड्याच्या संगणकावर केलं ते दोन्ही एकत्र: गाण्याचं ध्रुपद घ्यायचं, खाली हलगी किंवा संबळाचा लूप, मधे मोकळी जागा, मग ड्रॉप, म्हणजे ठेका-बेस एकदम जोरात येणं. सिस्टिमच्या गाड्यासाठी खास बनवलेला, कुठल्याही कंपनीनं न काढलेला माल. मोबाईलच्या दुकानात कार्ड भरून घेताना तो गावोगावी गेला. त्याची नोंद कुठंच नाही, म्हणून ही कार्डं जपा.

आता अडचणी.

फाईलच्या नावात ३२० (केबीपीएस; आकडा मोठा तेवढी फाईल कमी दाबलेली) लिहिलंय म्हणून ती ३२० ची असेलच असं नाही. स्पेक्ट्रम बघा. १६ किलोहर्ट्झच्या वर एकदम रिकामं असेल तर ती मुळात १२८ ची आहे, वरून फुगवलेली. एकच मिक्स तीन-चार कार्डांवर सापडला तर सगळ्यांचा स्पेक्ट्रम बघून सगळ्यात कमी दाबलेला घ्या. एमपी३ मध्ये पहिलं नुकसान कैताळ आणि लेझमीचं होतं, ते आवाज पाण्यात बुडवल्यासारखे होतात.

एमपी३ चा लूप थेट करू नका. फाईलच्या सुरुवातीला २५ ते ५० मिलिसेकंदांची शांतता जोडलेली असते, प्रत्येक फेरीला ठेका अडखळतो. वेव्ह करा, पहिल्या ठोक्याच्या टोकावर कापा, मग लूप.

डीजेचं नाव काढू नका असं माझं मत आहे. त्या पोरांची सही फक्त तिथंच उरलीय. तुमच्या कथनात ते आड येत असेल तर नाव नसलेली आठ आवर्तनं निवडा, आणि व्हिडिओखाली त्याचं नाव द्या.

एआयनं थर वेगळे करणं: डीझर या संगीत-सेवेच्या कंपनीनं स्प्लीटर हे सॉफ्टवेअर २०१९ च्या नोव्हेंबरात खुलं केलं. ते नेहमीच्या मांडणीत ११ किलोहर्ट्झच्या वरचं टाकून देतं, म्हणजे लेझमीची वरची धार गेली. मेटाचं डेमक्स त्यापेक्षा चांगलं. ते गळा, ड्रम, बेस आणि बाकीचं असे चार थर देतं. ग्राफिक कार्ड नसेल तर गाण्याच्या साधारण दीडपट वेळ लागतो. दोन्ही मुख्यतः पाश्चात्त्य पद्धतीच्या गाण्यांवर शिकलेली आहेत. त्यामुळे हलगी बऱ्यापैकी ड्रमच्या थरात येते, घुमकं बेस आणि ड्रममध्ये वाटलं जातं, सनई बऱ्याचदा गळ्याच्या थरात शिरते, आणि लेझीम 'बाकीचं' आणि ड्रम यांच्यात उड्या मारते. म्हणून हलगीसाठी नुसता ड्रमचा थर घेऊ नका. गळ्याचा थर मूळातून वजा करा आणि उरलेलं सगळं वापरा. कमी नुकसान होतं.

टेपडेक

याला जोडून एक कळकळीची सूचना. कॅसेटची सळसळ काढताना 'नॉइज रिडक्शन' चं बटण जपून. लेझमीची छुमछुम आणि फितीची सळसळ एकाच पट्ट्यात, वरच्या वारंवारतेत असते. शांत जागेचा नमुना घेऊन १५-२० डीबी कमी केली की लेझीम पण गेली, उरते नुसती टकटक. ६ डीबीच्या वर जाऊ नका. नमुना घ्यायला लेझीम थांबलेली जागा लागते, ती बहुतेक वेळा कॅसेटच्या सुरुवातीच्या दोन-तीन सेकंदांत मिळते. थोडी सळसळ राहिली तर राहू द्या, वर नवी हलगी आली की ती झाकली जाते.

पार्कचौक_वकील

कायद्याचं थोडक्यात, पण नीट वाचा.

एका गाण्यात निदान तीन हक्क आहेत: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्द आणि चालीचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. ध्वनिमुद्रणाचा, प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. कंपनीच्या रेकॉर्डिंगमधला तुकडा घेऊन रिमिक्स करायचा तर कंपनीची परवानगी लागते. 'काही सेकंद चालतात' असा नियम कायद्यात नाही.

नव्या वादक-गायकांकडून तेच गाणं पुन्हा गाऊन घ्यायचं, म्हणजे कव्हर, तर कलम ३१ क बघा, २०१२ च्या दुरुस्तीनं आलेलं. पहिलं ध्वनिमुद्रण झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं जायला हवीत, आधी सूचना आणि वर्षाला किमान ५० हजार प्रतींच्या हिशेबानं रॉयल्टी. शब्द-चालीत मनमानी बदल करता येत नाहीत. मंडळाला हे परवडणारं नाही.

पारंपरिक हलगीच्या ठेक्यावर कोणाची मालकी नाही. पण वाजवणाऱ्याचा कलाकार म्हणून हक्क आहे, ५० वर्षांचा. जुन्या कॅसेटमधले वादक किंवा त्यांच्या घरचे माहीत असतील तर त्यांना विचारा. नव्या वादकांकडून एका कागदावर लेखी संमती घ्या: कुठं वापरणार, किती मानधन दिलं, नाव कसं देणार.

यूट्यूबचं कंटेंट आयडी, म्हणजे हक्काची गाणी आपोआप ओळखणारी व्यवस्था, २००७ पासून आहे. त्याचा दावा आला तर बहुधा जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात किंवा व्हिडिओ अडतो. कॉपीराइट स्ट्राइक ही वेगळी आणि गंभीर गोष्ट: ९० दिवसांत तीन झाले तर चॅनेल जातं. सूर थोडा चढवून दावा चुकवायचा सल्ला कोणी देईल, तो घेऊ नका. हक्काचा प्रश्न तिथंच राहतो आणि गाणंही बिघडतं.

तुमच्यासाठी सरळ वाट: ट्रॅकमध्ये फक्त मंडळाच्या रेकॉर्डिंगमधली हलगी-लेझीम आणि नवं वादन. सिनेमाच्या गाण्याचा तुकडा हवाच असेल तर तो फाईलमध्ये नको, रील करताना त्या अॅपच्या स्वतःच्या संगीतसाठ्यातून घ्या.

लेझीम_बाळीवेस

वकीलसाहेब, मग मेमरी कार्डातला तुकडा? त्यात गाणं आहेच.

पार्कचौक_वकील

गाणं नसलेला भाग घ्या. नुसता हलगीचा लूप असला तरी त्या डीजेला विचारा, तो शहरातच असेल. लूप विकत घेतलेल्या पॅकमधला असू शकतो, ते त्यालाच माहीत.

फेडर_अण्णा

नवी हलगी रेकॉर्ड करायची ती अशी. बंद खोलीत नको, भिंतीचा आवाज परत येतो आणि नंतर जात नाही. पहाटे मोकळं मैदान, वारा नसताना. हलगीपासून एक ते दीड मीटरवर साधा डायनॅमिक माइक, थेट कातड्यासमोर न धरता किंचित कडेला. घुमक्याला दुसरा माइक. कैताळ तीन मीटर मागे, त्याला वेगळा माइक लागत नाही, हलगीच्या माइकात भरपूर येतं. फोनवरच करायचं असेल तर वेव्ह देणारं अॅप घ्या, आवाजाची पातळी आपोआप बदलणारी सोय बंद करा, फोन दोन मीटरवर. हलगी आधी शेकून घ्या. दर वीसेक मिनिटांनी कातडं सैल पडतं तेव्हा थांबून पुन्हा शेका, नाहीतर पहिला आणि शेवटचा टेक जुळत नाही. वादकाला कानात क्लिक (यंत्राची टकटक) देऊ नका. लेझीम शिकवणाऱ्याला समोर उभं करून हातानं लय द्यायला सांगा.

एकत्र मिसळताना: ३० ते ३५ हर्ट्झच्या खालचं कापा, तिथं ऐकू काही येत नाही, सिस्टिमची ताकद मात्र जाते. १०० हर्ट्झच्या खालचं मोनो. हलगी आणि जुनी कॅसेट एकमेकांत अडकत असतील तर कॅसेटचा ३०० ते ५०० हर्ट्झचा भाग ३ डीबीनं खाली घ्या. शेवटचा माथा उणे १ डीबीला थांबवा. यूट्यूबसाठी सुमारे उणे १४ एलयूएफएस (सरासरी जोराचं माप) पुरतं, त्याहून जोरात दिलं तर ते स्वतःच खाली आणतात. गाड्यासाठी उणे १० ची वेगळी फाईल करा. त्याहून पिळलं तर हलगीचा माथा चपटा होतो आणि मग कितीही जोरात लावा, ती उठत नाही.

आणि आवाजाची मर्यादा. २००० च्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डीबी(ए). सार्वजनिक जागेच्या सीमेवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० नं जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल ते. रात्री १० ते सकाळी ६ बंद, राज्य सरकारनं ठरवून दिलेल्या, वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवसांत मध्यरात्रीपर्यंत सूट असते. मीटरवर (ए), म्हणजे कानासारखे खालचे आवाज कमी धरणारं माप, लावल्यावर ५० हर्ट्झचा आवाज सुमारे ३० डीबीनं कमी दिसतो. म्हणजे आकडा बरा दिसत असताना पेठेतल्या जुन्या भिंती, खिडक्या हलत असतात, म्हाताऱ्या माणसांच्या छातीत धडधडतं. बेस जवळपास पूर्ण धरणारं (सी) लावूनही मोजा आणि दोन्हींतला फरक फार वाढला तर बेस खाली आणा. हलगीला बेसची गरजच नाही, ती मधल्या पट्ट्यात बोलते आणि कमी ताकदीत लांब जाते. डोक्याएवढ्या उंचीवर दोन साधे टॉप लावले तरी पथकाला पुरतं.

लेझीम_बाळीवेस

फार मोलाचं दिलंत सगळ्यांनी. ठरवलं ते असं: १०० च्या लयीत कॅसेटची हलगी दीड मिनिट, तिचा वेग हळूहळू चढवत १०८, मग आठ आवर्तनं मेमरी कार्डातला गाण्याशिवायचा लूप (त्या डीजेला विचारून), पुढं नवी हलगी शेवटपर्यंत. शेवटचं एक विचारतो. हे सगळं काम साठवायचं कसं? पुढच्या वर्षी दुसरं कोणी करेल.

जेकार्ड

एफएल स्टुडिओची नुसती प्रोजेक्ट फाईल ठेवू नका. ती दुसऱ्या संगणकावर उघडली की आवाज सापडत नाहीत. एक्स्पोर्टमध्ये झिप पॅकेजचा पर्याय आहे, त्यात नमुने सोबत जातात. त्याशिवाय प्रत्येक थर शून्य सेकंदापासून वेव्ह म्हणून वेगळा काढा: जुनी हलगी, नवी हलगी, घुमकं, लूप. सॉफ्टवेअर बदललं तरी ते थर कुठंही एकावर एक बसतात. न धुतलेल्या मूळ वेव्ह फाईल वेगळ्या फोल्डरात, त्यांना हात लावायचा नाही. नाव असं: वर्ष, उत्सव, माध्यम, बाजू, लय. सोबत साधी मजकुराची फाईल, त्यात वादकांची नावं, कुठल्या डेकवर उतरवलं, वेग किती टक्के बदलला, संमतीच्या कागदाचा फोटो. तीन प्रती: एक मंडळाच्या संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या पेठेतल्या कोणाच्या घरी. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड कपाटात वर्षानुवर्षं ठेवायला नाहीत, न वापरता पडून राहिले की त्यातलं हळूहळू उडतं. तुमची १ जीबीची कार्डं म्हणून आजच उतरवून घ्या, कॅसेट दोन आठवडे थांबली तरी चालेल.

टेपडेक

कॅसेटही थांबवायची ती उभी ठेवून, स्पीकरच्या जवळ नको. आणि उतरवून झाल्यावर टाकू नका. मागच्या दोन छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या मोडून ठेवा, म्हणजे चुकून कोणी त्यावर रेकॉर्ड करणार नाही.